उभ्या रेघांची खोली

४ जून

पोहोचलो एकदाचे. आईला चाकाच्या खुर्चीतून थेट दारापर्यंत आणता आलं, वाटेत एकही पायरी लागली नाही, यातच मी निम्मी खूश झाले. कमरेचं हाड मोडल्यापासून तिच्यासाठी जगाचे दोनच भाग उरलेत, पायऱ्यांचा आणि बिनपायऱ्यांचा. दारातच तिने निकाल दिला की जागा बरी आहे, फक्त दवाखान्याचा वास येतोय. दवाखान्यातून सोडवून दवाखान्यातच आणलंस की गं ठमे. पंचेचाळिशी उलटली तरी मी ठमीच.

दवाखाना नाही, ही दृष्टीची प्रयोगशाळा आहे. तळमजल्याच्या टोकाला आमच्या खोल्या: बाहेरची कामाची, आतली आईची, तिच्यामागे ओटा आणि न्हाणीघर. बाहेर जायचं दार एकच, कामाच्या खोलीतलं. कॉलेजातला आमचा विभाग बंद झाल्यावर मी बरीच कामं पाहिली, पण दिवसभर आईच्या हाकेच्या अंतरावर राहून करता येईल असं हेच मिळालं. नशीब काढलंस, असं आईही म्हणाली, आणि ती सहसा असं काही बोलत नाही.

कामाची खोली पाहून दोघींना हसू आवरेना. चारी भिंतींवर, दारावरसुद्धा, जमिनीपासून छतापर्यंत काळ्या-पांढऱ्या उभ्या रेघा. आई म्हणाली, कैद्याचा सदरा भिंतींना घातलाय.

डॉक्टरबाई इथल्या प्रमुख. पन्नाशीच्या, बोलायला गोड. आईच्या खुर्चीपुढे वाकून त्यांनी तिची चौकशी केली. मग स्वागत म्हणून मला पडद्यासमोर बसवलं, डोक्यावर तारांची जाळीदार टोपी चढवली आणि स्पीकरचा आवाज वाढवला. पडद्यावर एक रेघ हळूहळू फिरत होती. ती उभी झाली की पत्र्यावर गारा पडाव्यात तशी तडतड सुरू व्हायची, आडवी झाली की शांत. उभ्या रेघेला जागणाऱ्या माझ्याच मेंदूतल्या पेशी बोलत होत्या म्हणे. त्या तडतडीत मध्येच कोणी खोकल्यासारखं वाटलं, तेही खालून. पण पहिल्याच दिवशी असलं काही विचारणं बरं दिसलं नसतं.

भिंतीलगत करड्या पांघरुणाची एक लांबट गुंडाळी पडली होती. माझ्या आधीच्या बाईंची गादी असावी. त्या अचानक बहिणीकडे निघून गेल्या, असं डॉक्टरबाई म्हणाल्या. पांघरूण किंचित हलल्यासारखं वाटलं. पंख्याचा वारा असणार. उचलून आत ठेवावी असं मनात आलं, पण दुसऱ्याच्या सामानाला न विचारता हात कसा लावायचा? एक टोक वाटेत आलं होतं, तेवढं नीट केलं आणि आवरायला लागले.

६ जून

डॉक्टरबाई छान समजावतात. मेंदूच्या मागच्या बाजूला, डोळ्यांनी पाहिलेलं जिथे पोचतं तिथे, प्रत्येक पेशीची एक आवडती रेघ असते. कोणाची उभी, कोणाची तिरकी, कोणाची आडवी. डोळे उघडल्या क्षणी सगळ्याच एकदम ओरडतात, वर्गात प्रश्न विचारला की उत्तर न येणारी मुलंही हात वर करतात तशा. पापणी लवायच्या आत बाकीच्या हात खाली घेतात आणि जिची रेघ असेल ती एकटी बोलत राहते. म्हणजे आपण पाहतो ते त्या पहिल्या गोंगाटानंतर उरलेलं. गोंगाट आपल्या ध्यानातही राहत नाही. हे मला फार आवडलं. इतकी वर्षं मुलांना प्रकाश शिकवला आणि तो आत गेल्यावर काय होतं याचा विचारच केला नव्हता.

त्यांना पाहायचंय ते पुढचं. माणसाला दिवसच्या दिवस एकाच तऱ्हेची रेघ दाखवली तर काय होतं? आधी तिची पेशी कंटाळते, हे ठाऊक आहे. पण आणखी पुढे गेलं तर बाकीच्या पेशी आपापली आवड सोडून हिच्याच बाजूला येतात का? त्यासाठी मी. दिवसाचा बराचसा वेळ रेघांच्या खोलीत बसायचं. आईच्या खोलीत जाताना उभ्या पन्हळींच्या काचांचा चष्मा लावायचा. प्रयोग संपेपर्यंत बाहेर पडायचं नाही, कारण बाहेरच्या रेघा सगळं बिघडवतील. काम चालू असताना दाराला बाहेरून कडी, कोणी मध्येच आत शिरू नये म्हणून. मोबाइल त्यांच्याकडे जमा, तारांमध्ये त्याची खरखर येते. भिंतीवर एक बटण आहे, दाबलं की कोणीतरी येतं.

मी सगळ्याला हो म्हटलं. नियम पाळायचे तर पुरते पाळावेत. कोणी बघत नाही म्हणून चष्मा काढून ठेवणं मला जमणार नाही. आई म्हणते, तुला तुरुंगात टाकलं तर तू किल्ली नेऊन जेलरला देशील, खाली पडली होती म्हणून.

डॉक्टरबाईंची एक सवय पाहिली. कप ठेवण्याआधी त्या तळहाताने टेबल चाचपतात. नीटनेटक्या आहेत.

१० जून

काम अंगवळणी पडतंय. आईच्या खोलीतलं जरासं कललेलं कॅलेंडर आज पडायला आल्यासारखं दिसलं. सरळ करायला गेले तर आईने हटकलं की ते आहे तसंच आहे, तूच वाकडी झालीस. डॉक्टरबाईंना हे सांगितलं तर त्यांना आनंद झाला. उभ्या रेघेची पेशी थकली की शेजारणी जरा जास्तच बोलतात, म्हणून कललेलं अधिकच कललेलं दिसतं. पहिला टप्पा ठरल्याप्रमाणे झाला.

तंत्रज्ञ रोज टोपी बसवायला येतो. त्याच्या गळ्यात कायम तारांची वेटोळी असतात, म्हणून आईने त्याचं नाव तारवाला ठेवलंय. भला माणूस, दूध-पाव तोच आणून देतो. आज आतल्या खोलीत बोलता बोलता तो खाटेवर बसला तो थेट आईच्या पायांवर. आई ओरडली की मी काय गादी आहे का रे. तो इतका दचकला की तार तुटली. आजी, खरंच दिसला नाहीत, म्हणाला. एवढं धूड दिसलं नाही, मग बारीक तारा कशा दिसतात तुला, असं आईने विचारलं. तो ओशाळून हसला. त्याच्या दोन्ही नडग्यांवर काळे-निळे डाग आहेत.

भिंतीशी पडलेली ती गुंडाळी कोणीतरी नेली वाटतं. परवापासून दिसली नाही.

१५ जून

आज एक विचित्र गोष्ट झाली. डॉक्टरबाई आत आल्या, खाटेशेजारी उभ्या राहिल्या आणि मला म्हणाल्या, आई परत गेल्या का? करमत नसेल त्यांना इथे. आई समोर पडलेली, टक्क जागी. मला वाटलं चेष्टा करताहेत. आईलाही तसंच वाटलं असावं. ती म्हणाली, हो, गेले मी, आता भूत बोलतंय. डॉक्टरबाईंनी मान वळवली. नजर खाटेवरून गेली आणि भिंतीवर थांबली. मग घाईने म्हणाल्या की बरं, बरं, आराम करा.

त्या गेल्यावर आईचा राग शांत होईना. श्रीमंतांचे डोळे असेच असतात, पडलेलं माणूस त्यांना दिसत नाही, म्हणाली. मी समजूत घातली. संध्याकाळी तिला खुर्चीत बसवून बाहेरच्या खोलीत आणलं. डॉक्टरबाई दारातून डोकावल्या आणि मनापासून खूश झाल्या: अरे वा, आजी परत आल्या वाटतं.

मी त्यांच्यावर उगाच संशय घेत नाही ना? कामाचा ताण असतो, माणूस विसरतं. पण आज माझीही मांडी टेबलाच्या कडेवर आदळली, आणि ते टेबल रोज त्याच जागी असतं. वहीच्या छापील ओळीही फिकट वाटतात. कागद हलका असेल.

मीही कप ठेवण्याआधी टेबल चाचपलं. लिहिताना आत्ता आठवलं.

१९ जून

आज पडले असते. खुर्चीकडे जाताना पाय कशाला तरी अडखळला. मऊ होतं. वळून पाहिलं तर नुसती फरशी.

आईला सांगितलं तर ती माझ्यावरच उखडली. तिच्या अंगावर पाय देऊन काय जातेस, आंधळी आहेस का? कोणाच्या, असं विचारलं. तर त्या खालच्या बाईच्या. दारातून दिसते की. कधी भिंतीशी असते, कधी दाराशी. तू काम करतेस म्हणून हळू बोलते बिचारी. मान अवघडलीये तिची, एक उशी दे तिला.

आईच्या गोळ्यांची पाकिटं काढून पुन्हा वाचली. नवीन काही नाही. दिवसभर उघड्या दारातून त्या रेघा बघून भास होत असतील. पण आपलं माणूस काही सांगतंय आणि आपण आधी औषधाचं पाकीट वाचतो, हेही मला बरं वाटलं नाही. तिच्या समाधानासाठी उशी नेली आणि ती सांगेल तिथे, दारापासून जरा अलीकडे, फरशीवर ठेवली. आई म्हणाली, आता बरं वाटलं तिला.

काम संपल्यावर उशी उचलायला गेले. मिळाली नाही. हात फिरवून पाहावा असं वाटलं, आणि मग का कोण जाणे, फिरवला नाही.

२३ जून

लिहिताना शब्दांची शिरोरेघ दिसत नाही. ओढते, पेन्सिल घासल्याचं बोटांना कळतं, पण अक्षरं सुटी सुटी लोंबत राहतात, दोरीच नसलेल्या कपड्यांसारखी. कॅलेंडरला दोन बाजू आहेत, वरची आणि खालची नाही. चष्मा काढला तरी तसंच.

डॉक्टरबाईंना सांगितलं की मला हे थांबवायचंय. त्या जराही रागावल्या नाहीत. लगेच थांबवू म्हणाल्या, आजपासून टोपी नाही. पण अशा डोळ्यांनी तुम्हाला रस्त्यावर कसं सोडू, ताई? पायरी दिसणार नाही, फुटपाथची कड दिसणार नाही, वर आईंची खुर्ची ढकलायची. इथेच राहा, आपोआप उतरेल. आणि दाराची कडी राहू दे, चुकून बाहेर पडलात तर काय घ्या. बोलणं खरं होतं. मी हो म्हटलं.

मग आधीच्या बाईंबद्दल विचारलं. त्यांचं उतरलं होतं का? त्या निघून गेल्या ना, म्हणाल्या. जाताना कोणी पाहिलं? डॉक्टरबाईंनी तारवाल्याकडे पाहिलं, त्याने त्यांच्याकडे. एके दिवशी खोलीत कोणी दिसलं नाही, म्हणजे गेल्याच असणार, असं तो म्हणाला. मी विचारलं, तुम्ही दोघं या खोलीत किती वर्षं काम करता? डॉक्टरबाई हसून म्हणाल्या, वर्षं कोण मोजतं, ताई. आणि कप ठेवण्याआधी टेबल चाचपलं.

२५ जून

सकाळी आईच्या खोलीत गेले. खाटेवर आई नव्हती. खाटही नव्हती, नुसते चार पाय उभे होते. आणि त्यांच्या मधून आईची हाक आली की चहा झाला का.

मी तशीच उभी राहिले. मग चाचपत हात नेला. गाल लागला. ऊबदार. आई म्हणाली, माझ्याकडे न बघता माझ्याशी काय बोलतेस?

तिला सांगितलं नाही. काखेत हात घालून उठवून बसवलं, तेव्हा पाण्यातून वर यावी तशी वर आली. चेहऱ्याला नाक होतं. डोळे नव्हते. ओठ नव्हते. त्या चेहऱ्याने मला विचारलं की ठमे, रडतेस का.

तिला बसून राहवत नाही, कंबर दुखते. पुन्हा निजवलं. पुन्हा नाहीशी झाली. माझ्या हातात तिचा हात होता आणि मला फक्त माझं मनगट दिसत होतं. ते उभं होतं म्हणून.

२७ जून

एक उपाय सापडला. पहिला गोंगाट. पापणी उघडते त्या क्षणी सगळ्याच पेशी ओरडतात, त्यात आडव्याच्याही असतात. डोळे मिटून उघडले की क्षणभर आई खाटेवर असते, पुरी, डोळ्या-ओठांसकट. मग विरते. मिटायचे, उघडायचे. असं करत तिला दूध-पाव भरवला. ती म्हणाली, डोळे काय मारतेस गं म्हातारीला. हसलो दोघी. खूप दिवसांनी.

मग कामाच्या खोलीत आले. दाराची मूठ नीट पाहून ठेवावी म्हणून डोळे मिटले, उघडले.

दाराशी कोणीतरी निजलं होतं.

पुन्हा — करडं पांघरूण. माझी उशी. उशीवर केस.

पुन्हा — कूस बदललेली. तोंड माझ्याकडे. बाई. माझ्याच वयाची.

पुन्हा — जवळ. ओठ हलत होते.

ती गादीची गुंडाळी कोणी नेली नव्हती.

बटण दाबलं. तारवाला आला, दारात कशाला तरी ठेचकाळला, नडगी चोळत फरशीला शिव्या घातल्या. मी बोट दाखवलं, सगळं सांगितलं. तो बराच वेळ खाली बघत राहिला. मॅडम, काही नाहीये तिथे, म्हणाला. त्याच्या पायाला ती लागली होती. बघत होता, आणि —

मी ओरडले की मला आणि आईला आत्ताच्या आत्ता बाहेर काढा. डॉक्टरबाईंना विचारून येतो, म्हणाला. कडी लावून गेला.

२९ जून

आडवी रेघ ओढली की नाही ते कळत नाही. म्हणून थांबते तिथे आता उभी ओढते | अशी.

फरशी गेली | भिंतींच्या रेघा खाली जातात, खाली, अजून खाली, तळ नाही | मी विहिरीच्या तोंडाशी उभी आहे आणि विहीर चारी बाजूंनी आहे. पायाखाली लागतं काहीतरी, पण दिसत नाही. पाऊल टाकवत नाही | भिंतीला धरून आहे.

डोळे मिटून चालावं म्हटलं. मिटले तरी रेघा.

आई पाणी मागते आहे. सकाळपासून |

तिला इथूनच ओरडून सांगितलं, खरं ते सगळं. तिने त्या बाईला विचारलं, आणि मला सांगितलं. तिचंही असंच झालं म्हणे. उभं राहिलं की खोल दिसतं. पडून राहिलं की जमीन परत येते, पाठीला लागते | मी विचारायला लावलं की मग उठून उभी का राहत नाही, उभं दिसतं की डॉक्टरबाईंना | आई म्हणाली, ती विचारतेय, उभं कशावर राहू?

आणखी एक सांगते आहे, ऐकशील का, असं आई म्हणाली. पहिल्या दिवशी तिने तुला हाक मारली होती. खोकलीही होती. तू येऊन पांघरुणाचं टोक नीट केलंस |

आईचा आवाज खोल जातोय. पाणी द्यायला हवं | मला

जूनच असावा

आडवी झाले. गाल फरशीवर.

आडवी रेघ परत दिसायला लागली — बघ — ही — डोकं कललं की आडवं तेच डोळ्याला उभं होतं. किती सोपं. फरशी आहे. सगळी आहे, कडेपर्यंत. आई दिसते. पुरी दिसते. सरपटत गेले, पाणी पाजलं. तिने माझ्या केसांवरून हात फिरवला आणि म्हणाली, आलीस का.

ती दुसरी नळापर्यंत पुढे सरपटत होती. वाट तिला पाठ आहे.

आता उभं काही नाही. भिंती नाहीत, दार नाही. बटण भिंतीवर होतं, पडून हात पोचत नाही.

नंतर

आईला रजईवर खाली ओढून घेतलं. कळवळली. दोघींनी मिळून रजई ओढत दाराशी आणली. दार हाताला लागतं. कडी बाहेरून आहे.

डॉक्टरबाई आल्या होत्या — पावलांचा आवाज — पाय दिसले नाहीत. मी ओरडले. त्या म्हणाल्या, हाक आली का रे? तारवाला म्हणाला, स्पीकर चालू राहिला असेल. बंद कर तो. बंदच आहे, म्हणाला.

मी आवाजाच्या दिशेने हात टाकला. घोटा लागला. धरला —

तारवाला किंचाळला. असा माणूस किंचाळलेला मी ऐकला नव्हता. दोघं पळाले. कडी.

बाहेर डॉक्टरबाई त्याला सांगत होत्या की दोघीही गेलेल्या दिसतात. न सांगता. हल्ली लोकांना —

नंतर

पाव संपला. घसा बसला, शब्द उमटत नाही. आईला ताप आहे. थंडी वाजते तिला, म्हणून ती दुसरी तिच्या एका बाजूला, मी एका. करडं पांघरूण तिघींवर. आई म्हणाली, ठमे, तू उठ बाई, माझं काय. मी उठून पाहिलं. विहीर — आणि आई नाही. परत पडले. हात धरला.

आता नाही उठणार. हात धरून ठेवायचा.

ती दुसरी म्हणते, नवीन कोणीतरी येईल. नव्या डोळ्यांना सगळं दिसतं. पहिले काही दिवस.

नंतर

कडी वाजली. उजेड. चाकं नाहीत, एकटीचीच नवी पावलं, टाचांची. नवीन बाई. हसते आहे भिंती पाहून. डॉक्टरबाई तिला सांगताहेत, आधीच्या बाई आईला घेऊन गेल्या, बहिणीकडे — मला बहीण नाही —

तिला खुर्चीत बसवलं. टोपी. तडतड सुरू — गारा — मोठा करतात आवाज — मी ओरडते आहे — माझं मलाच ऐकू येत नाही —

आई खोकली. मोठ्याने. आई गं, पुन्हा खोक.

थांबली ती. ऐकलं तिने. काही विचारेल — विचार —

नाही विचारलं.

पांघरूण हलवते आहे. तिघी हलवतोय. डॉक्टरबाई कुठे गेल्या माहीत नाही, ती एकटी आहे, पावलं इकडे — पंखा जरा जोरात आहे नाही, असं स्वतःशीच म्हणाली —

वाकते आहे. वाकली की दिसते. हात आडवा येतो आहे, बांगडी नाही, नखं स्वच्छ, नीट कापलेली — माझ्यासारखी — अगं उचल — नुसतं उचल, विचारू नकोस कोणाला — टोक धरलं तिने — आई, बघ, धरलं — धरलं आणि नीट